सार्वजनिक ई-मेल गटावरचा स्पॅम: दार लावावे, की चाळणी बारीक करावी?

येळ्ळूरवेस (धागाकर्ता) · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. सीमाभागातील ग्रामीण साहित्य संमेलने, वाचनालये आणि स्थानिक इतिहास या विषयांवर आमचा एक ई-मेल गट आहे. तो २००९ पासून चालू आहे, सुमारे सहाशे सदस्य आहेत आणि गेली सहा वर्षे त्याची व्यवस्था माझ्याकडे आहे. गट पहिल्यापासून खुला आहे, म्हणजे सदस्य नसलेल्यालाही गटाच्या पत्त्यावर पत्र पाठवता येते आणि जुनी पत्रे कोणालाही वाचता येतात. त्याला कारण आहे. कडोली, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमनी अशा गावांतील संमेलनांची पत्रे पाठवणारी माणसे वरचेवर बदलतात. त्यांनी आधी सदस्य व्हावे आणि मग निमंत्रण पाठवावे अशी अट घातली, तर निमंत्रण येणारच नाही.

गेल्या वर्षभरात मात्र स्पॅमने उच्छाद मांडला. बिनव्याजी कर्ज, संकेतस्थळ गूगलच्या पहिल्या पानावर आणून देण्याची हमी, कुठल्याशा परदेशी परिषदेत शोधनिबंध वाचण्याचे आमंत्रण, असे रोजचेच झाले. सर्व्हरवरील चाळणी प्रत्येक पत्राला संशयाचे गुण देते. दिवाळीनंतर कंटाळून मी ती कडक केली आणि पाच गुणांच्या वरचे पत्र परस्पर नष्ट होईल अशी व्यवस्था केली. दोन महिने गटावर शांतता होती आणि मी स्वतःवर खूश होतो. मग खानापूर तालुक्यातील एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. निमंत्रण पाठवून पंधरा दिवस झाले, तरी गटावरून एकही माणूस कसा आला नाही, एवढेच त्यांनी विचारले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले. संमेलन आदल्या रविवारी होऊन गेले होते आणि त्यांचे पत्र माझ्या चाळणीने गिळले होते.

तेव्हा प्रश्न असा आहे की गट सदस्यांपुरता मर्यादित करावा, की खुला ठेवून चाळणी सुधारावी? ज्यांनी असे गट चालवले आहेत त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

हलशीवाट · रविवार, रात्री १०.०५

सदस्यांपुरता करा. एका मिनिटाचे काम आहे. यात चर्चा करण्यासारखे काय आहे, ते मला समजले नाही.

मलप्रभाकाठ · रविवार, रात्री १०.५०

हलशीवाट, एका मिनिटाचे काम आहे हे खरे, पण त्याचा त्रास पुढे वर्षभर पुरतो. आमच्या महिला वाचक मंडळाचा गट आम्ही तीन वर्षांपूर्वी सदस्यांपुरता केला. पहिल्याच महिन्यात लक्षात आले की आमच्या निम्म्या सदस्यांचे दोन-दोन पत्ते आहेत. कार्यालयातून लिहिले की पत्र अडते, घरून लिहिले की जाते. एका सदस्येने मुलाच्या फोनवरून लिहिले, तर गटाच्या दृष्टीने तो मुलगा परका ठरला. ज्या वक्त्यांना आम्ही बोलावले होते, त्यांनी "सर्वांना उत्तर द्या" हे बटण दाबून होकार कळवला. तो होकार आमच्याकडे आठ दिवस मंजुरीच्या रांगेत पडून होता आणि दरम्यान आम्ही दुसऱ्या वक्त्याला विचारूनही झालो.

शिवाय सदस्यत्वाचे दार स्पॅम पाठवणाऱ्यालाही मोकळेच असते. नोंदणीचा दुवा दाबायला त्याला कितीसा वेळ लागतो?

सर्व्हरशेजारी · सोमवार, सकाळी ७.३०

मूळचा अनगोळचा, सध्या बेंगळुरूत ई-मेल सर्व्हर सांभाळण्याच्याच नोकरीत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. स्पॅम एकाच ठिकाणी अडवायचा हा विचार मुळात सोडून द्यावा. तो तीन टप्प्यांवर अडवला जातो आणि प्रत्येक टप्प्यावरची चूक वेगळ्या प्रकारची असते.

पहिला टप्पा म्हणजे पत्र आत घेण्यापूर्वीचा. पाठवणारा सर्व्हर दारात उभा असतानाच त्याचा पत्ता स्पॅमहाऊससारख्या, १९९८ पासून चालू असलेल्या काळ्या यादीत पाहता येतो. येथे एक गोम आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. या याद्या डीएनएसमार्फत, म्हणजे इंटरनेटवरील नावांचे पत्ते सांगणाऱ्या व्यवस्थेमार्फत, विचाराव्या लागतात आणि तुमचा सर्व्हर ते विचारणे एखाद्या मोठ्या सार्वजनिक डीएनएस सेवेमार्फत करत असेल, तर यादी त्याला खरे उत्तरच देत नाही. वर्षानुवर्षे यादी चालू आहे असे वाटत राहते आणि प्रत्यक्षात चाळणी आंधळी झालेली असते. असे प्रश्न थेट विचारणारा स्वतःचा प्रोग्रॅम (डीएनएस रिझॉल्व्हर) सर्व्हरवर बसवला की हे सुटते. याच टप्प्यावर २००३ पासून प्रचारात आलेली आणखी एक युक्ती आहे, ती म्हणजे करडी यादी. अनोळखी सर्व्हरला "थोड्या वेळाने पुन्हा या" असे तात्पुरत्या नकाराचे उत्तर द्यायचे. खरा सर्व्हर रांग लावून पुन्हा येतो, घाईतला स्पॅम पाठवणारा बहुधा येत नाही. मात्र मोठ्या मेल कंपन्या दुसऱ्यांदा वेगळ्याच सर्व्हरवरून येतात, त्यामुळे काही पत्रांना तासन्तास उशीर होतो.

दुसरा टप्पा मजकुराला गुण देण्याचा. स्पॅमअसॅसिन हा चाळणीचा प्रोग्रॅम २००१ पासून हेच करतो. शेकडो बारीक नियम, प्रत्येकाचे अधिक किंवा उणे गुण आणि बेरीज पाचवर गेली की पत्रावर स्पॅमची खूण. आता येळ्ळूरवेस, आपण रागावू नका, पण स्पॅमअसॅसिन स्वतः एकही पत्र नष्ट करत नाही. ते केवळ हेडरमध्ये, म्हणजे पत्राच्या माथ्यावरील तांत्रिक नोंदीत, गुण लिहून पत्र पुढे देते. खूण झालेले पत्र फेकून द्यायचे, हा निर्णय आपण केलेला आहे.

तिसरा टप्पा गटाच्या प्रणालीचा, म्हणजे मेलमॅन वगैरेचा. सदस्य नसलेल्याचे पत्र आले तर स्वीकारावे, मंजुरीसाठी रोखावे, नकार कळवावा, की गुपचूप टाकून द्यावे, असे चार पर्याय तेथे असतात. यांपैकी नकार कळवणे सभ्य दिसते, पण सार्वजनिक गटावर तेच सर्वांत उपद्रवी ठरते. स्पॅमवरील प्रेषकाचा पत्ता बहुधा खोटा किंवा दुसऱ्या कोणाचा तरी चोरलेला असतो. तुमचा सर्व्हर इमानेइतबारे त्या तिसऱ्याच माणसाला नकारपत्रे धाडतो आणि काही दिवसांनी तुमचाच सर्व्हर काळ्या यादीत जातो. "आपले पत्र मंजुरीसाठी थांबले आहे" अशी जी आपोआप पोच जाते, तिचेही तसेच. ती बंद ठेवावी.

जाता जाता, आपला गट अजून मेलमॅन २.१ वर असेल तर ती प्रणाली पायथन २ या संगणकभाषेवर चालते आणि पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली आहे. हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, पण ध्यानात असू द्या.

निपाणीनाका · सोमवार, सकाळी ८.१५

मला आजवर ई-मेलवरून जेवढ्या लॉटऱ्या लागल्या, त्यांची रक्कम खरोखर हाती आली असती, तर निपाणी ते बेळगाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मी स्वखर्चाने सावली केली असती.

हुक्केरीस्टँड · सोमवार, सकाळी ९.२०

सोपा उपाय सांगतो. चाळणीला भाषा सांगता येते. देवनागरी आणि इंग्रजी एवढेच स्वीकारा आणि बाकी सर्व लिप्या बंद करा. माझ्याकडील रशियन आणि चिनी स्पॅम या एका ओळीने थांबला.

गोकाकचीसून · सोमवार, सकाळी १०.००

रशियन आणि चिनी लिपी बंद करण्याला माझी हरकत नाही. परंतु "बाकी सर्व" यात कन्नडही येते, हे आपण बेळगाव जिल्ह्यात बसून विसरलात याचे आश्चर्य वाटते. माझे माहेर निपाणीकडचे आणि सासर गोकाकचे. घरात दोन्ही भाषा रोज बोलल्या जातात. वाचनालयांना शासनाकडून येणारी परिपत्रके कन्नडमध्ये असतात आणि ती गटावर पुढे पाठवली जातात. स्थानिक इतिहासावर लिहिणारे आमचे एक सदस्य शिलालेखाचा मूळ पाठ कन्नड लिपीत देतात आणि खाली मराठी अर्थ लिहितात. असे पत्र चाळणीने अडवले तर तोटा गटाचा आहे. शिवाय हल्ली कर्जाचे स्पॅम शुद्ध मराठीतूनही येतात. लिपीवरून चोर ओळखता येत नाही.

हुक्केरीस्टँड · सोमवार, सकाळी १०.२०

मान्य. कन्नडचा विचार मी केला नव्हता.

लिपीवेडा · सोमवार, दुपारी १.४५

लिपीचा विषय निघालाच आहे तर माझ्या आवडीच्या मुद्द्याकडे वळतो. या बहुतेक चाळण्या इंग्रजी पत्रे डोळ्यांपुढे ठेवून घडवलेल्या आहेत आणि त्यांची मापे देवनागरीला लावली की विचित्र निकाल लागतात.

आकाराचेच पाहा. मेलमॅनमध्ये ४० किलोबाइटपेक्षा मोठे पत्र मंजुरीसाठी अडवण्याची मर्यादा मुळातच घातलेली असते. इंग्रजी पत्राला ती भरपूर होते. परंतु युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त ही सर्व वेगवेगळी चिन्हे असतात. "संमेलनाध्यक्षांचे" या एका शब्दात सतरा चिन्हे आहेत, म्हणजे ५१ बाइट. ई-मेलमधून जाताना मजकूर बहुधा बेस६४ पद्धतीने बांधला जातो, तेव्हा त्याचे ६८ होतात. दुसऱ्या एका पद्धतीत तर प्रत्येक बाइटसाठी तीन अक्षरे खर्च होतात आणि हाच शब्द १५३ पर्यंत जातो. त्यातच पत्र पाठवणारा प्रोग्रॅम साधी आणि सजवलेली अशा दोन प्रती एकाच पत्रात कोंबतो. थोडक्यात, अध्यक्षीय भाषणाचा मजकूर कोणी जोडचित्राशिवाय, नुसता पत्रात चिकटवून पाठवला तरी तो अडकतो आणि पाठवणाऱ्याला वाटते की आपले विचार कोणाला तरी खटकले.

दुसरी गोष्ट विभक्तीची. शब्द मोजून शिकणाऱ्या चाळणीला "कर्ज", "कर्जाची", "कर्जासाठी" आणि "कर्जदारांना" हे चार परके शब्द वाटतात. इंग्रजीत एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊन त्याची बदनामी लवकर होते. मराठीत ती बदनामी चार जणांत वाटली जाते. त्यातून "दुसऱ्या" हा शब्द संगणकावर दोन रीतींनी लिहिला जातो. काहींच्या कळफलकावर "ऱ" हे स्वतंत्र अक्षर उमटते, तर काहींच्या कळफलकावर साध्या "र"नंतर न दिसणारे जोडचिन्ह येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, चाळणीच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द असतात. स्पॅम लिहिणारे अशी न दिसणारी चिन्हे मुद्दाम पेरतात. आपण बिचारे कळफलकामुळे पेरतो.

आणि तिसरी गोष्ट, जी गुरुजींच्या बाबतीत घडली असावी असा मला संशय आहे, ती जुन्या फॉन्टची. शिवाजी किंवा त्यासारख्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर हा संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ असतो. फॉन्ट लावला की त्याचे मराठी दिसते, एवढेच. आमच्या भागातील छापखान्यांत अजूनही निमंत्रणपत्रिका याच फॉन्टांत जुळवल्या जातात आणि तोच मजकूर उचलून ई-मेलमध्ये डकवला जातो. येळ्ळूरवेस, ते पत्र आपणाला पुन्हा मिळाले का? त्याचे हेडर वाचायला मिळाले तर सर्व उलगडा होईल.

येळ्ळूरवेस (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ८.५०

लिपीवेडा, आपला संशय निम्मा बरोबर निघाला. गुरुजींना तेच पत्र पुन्हा माझ्या चाचणीच्या पत्त्यावर पाठवायला सांगितले आणि आता हेडर समोर उघडून बसलो आहे. एकूण गुण ५.३. म्हणजे अवघ्या तीन दशांशांनी ते पत्र गेले. विषयाची संपूर्ण ओळ मोठ्या इंग्रजी अक्षरांत होती, त्याचे गुण पडले. पत्रिका छापखान्याने चित्र म्हणून दिली होती. पत्रात ते भले मोठे चित्र आणि वर दीड ओळ मजकूर. चित्र मोठे आणि मजकूर अगदीच थोडा असेल तर स्पॅमचा संशय घेणारा नियम आहे, कारण स्पॅमवालेही शब्द लपवण्यासाठी चित्रच पाठवतात. आणि ती दीड ओळ शिवाजी फॉन्टमध्ये! मी ती वाचायचा प्रयत्न केला, तर कंसांच्या आणि अवतरणचिन्हांच्या गर्दीत फक्त तारीख तेवढी समजली.

गंमत अशी की आपल्याकडील कोणतीही संमेलनाची पत्रिका पाहा, ती अशीच असते. मोठे चित्र, ठळक अक्षरे, "अवश्य उपस्थित राहावे", आणि खाली पाच-सहा मोबाइल क्रमांक. चाळणीच्या डोळ्यांनी पाहिले तर आपले सर्व सांस्कृतिक जीवन संशयास्पद आहे.

सर्व्हरशेजारी यांचे बोलणे मला लागले, पण ते खरे आहे. चाळणीने खूण केली होती, फेकले मी.

शहापूरमाग · सोमवार, रात्री ९.३०

इतिहासातील एक गोष्ट सांगतो, विषयाला धरूनच आहे. पहिला ई-मेल स्पॅम म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो १९७८ च्या मे महिन्यातील. एका अमेरिकन संगणक कंपनीच्या विक्री प्रतिनिधीने अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण पाठवले होते. पत्ते टंकताना ते मथळ्याच्या जागेत मावेनात, म्हणून उरलेले पत्ते मजकुरात सांडले. म्हणजे पहिला स्पॅमही निमंत्रणाचाच होता. गुरुजींना सांगा, त्यांच्या पत्राची जातकुळी फार जुनी आहे.

चिकोडीचौक · मंगळवार, सकाळी ७.०५

पण यावर कायदा नाही का? फोनवरच्या जाहिरातींना १९०९ वर तक्रार करता येते, मग ई-मेलला का नाही?

कोर्टआवार · मंगळवार, सकाळी ८.४०

१९०९ ची व्यवस्था दूरसंचार नियामक प्राधिकरणाची आहे आणि तिचे २०१८ चे नियम फोन आणि लघुसंदेशांपुरते आहेत. ई-मेल त्यात येत नाही. अमेरिकेने २००३ मध्ये स्पॅमसाठी स्वतंत्र कायदा केला, तसा आपल्याकडे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये प्रेषकाविषयी फसवणूक करणाऱ्या ई-मेलचा उल्लेख होता. परंतु अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने ते संपूर्ण कलमच २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले आणि त्याबरोबर हाही भाग गेला. प्रत्यक्ष पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. नुसत्या कटकटीसाठी कोणाला न्यायालयात खेचण्याच्या भानगडीत पडू नये, हा माझा व्यावसायिक तोटा सोसून दिलेला सल्ला आहे.

टिळकवाडीसकाळ · मंगळवार, सकाळी ११.१०

सर्वांनी यंत्राबद्दल लिहिले, मी माणसाबद्दल लिहिते. मी बँकेतून निवृत्त झाले आणि एका भजनी मंडळाच्या गटाची मंजुरीची रांग गेली आठ वर्षे पाहते आहे. सकाळी चहा गाळून कप हातात घेतला की संगणक लावायचा, रांग उघडायची आणि प्रत्येक पत्राचा विषय, प्रेषक आणि पहिल्या तीन ओळी पाहायच्या. चहा संपायच्या आत काम होते. ज्या पत्राची ओळख पटते ते सोडायचे, ज्याबद्दल खात्री आहे ते टाकायचे आणि ज्याबद्दल मन साशंक आहे ते संध्याकाळपर्यंत तसेच ठेवायचे. संध्याकाळी बहुतेकांचा उलगडा आपोआप होतो, कारण तेच पत्र एव्हाना इतर दोन गटांवरही आलेले असते.

आमचा नियम असा आहे की नव्या माणसाचे पहिले पत्र, तो सदस्य असो वा नसो, माणसाने वाचल्याशिवाय जात नाही. ते ठीक वाटले की त्याला मोकळे करतो. यात मी एकदा फसले आहे. एका नव्या सदस्याने लिहिले, "फार सुंदर माहिती, असेच लिहीत राहा." मी मोठ्या आनंदाने त्याला मोकळे केले. चौथ्या दिवशी त्याच पत्त्यावरून सांधेदुखीच्या तेलाची अकरा पत्रे आली आणि आमच्या मंडळाचे सरासरी वय पाहता चार जणांनी ते तेल मागवलेदेखील! तेव्हापासून नुसत्या कौतुकाच्या पत्रावर मी कोणाला मोकळे करत नाही. भजनाचे, गावाचे, एखाद्या माणसाचे नाव त्यात यायला हवे.

अडचण एकच. मी मुलीकडे गेले किंवा घरी गणपती असले की रांग तुंबते. म्हणून निदान दोघे तरी हवेत.

मलप्रभाकाठ · मंगळवार, दुपारी १२.००

ताई, त्या तेलाचा गुण आला का?

टिळकवाडीसकाळ · मंगळवार, दुपारी १२.२५

एकीला आला म्हणते. बाटली आलीच नाही, ती आणायला रोज टपाल कार्यालयापर्यंत चालत जात होती, त्याने गुडघे मोकळे झाले.

सर्व्हरशेजारी · मंगळवार, सायंकाळी ६.४०

टिळकवाडीसकाळ यांची पद्धत उत्तम आहे आणि तिला यंत्राची जोड देता येते. ताई रोज जे "सोडा" आणि "टाका" असे निर्णय घेतात, तीच शिकणाऱ्या चाळणीची शिदोरी असते. अठराव्या शतकातील थॉमस बेझ यांच्या संभाव्यतेच्या सिद्धान्तावर ही चाळणी चालते. पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने २००२ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि त्यानंतर ती सर्वत्र पसरली. कोणता शब्द वाईट पत्रांत किती वेळा आणि चांगल्या पत्रांत किती वेळा आला, यावरून ती अंदाज बांधते. मुख्य म्हणजे ती तुमच्या गटाची भाषा शिकते. मात्र स्पॅमअसॅसिनमध्ये किमान २०० स्पॅम आणि २०० चांगली पत्रे शिकवल्याशिवाय हा भाग तोंडच उघडत नाही. अनेक जण वीस-तीस पत्रे दाखवतात, काही फरक पडत नाही असे म्हणतात आणि सोडून देतात.

येळ्ळूरवेस यांच्याकडे २००९ पासूनचा संग्रह आहे, म्हणजे चांगल्या मराठी पत्रांची वाण नाही. लिपीवेडा यांनी सांगितलेली विभक्तीची अडचणही पुरेशी पत्रे दाखवली की पुष्कळ कमी होते, कारण "कर्जासाठी" हा शब्ददेखील शेवटी बदनाम होतोच. पण शिकवण्यापूर्वी संग्रहात शिरलेला जुना स्पॅम वेचून काढा, नाहीतर चोरालाच साव म्हणून शिकवाल. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीचे ई-मेल गट आजही बिगरसदस्यांना खुले आहेत. त्यांच्या संग्रहात प्रत्येक पत्राजवळ स्पॅम कळवण्याचे बटण असते आणि कळवलेली पत्रे स्वयंसेवक तपासून मग काढतात. एका बटणावर थेट काढत नाहीत, हे महत्त्वाचे.

हलशीवाट · मंगळवार, रात्री ९.००

संग्रहाचा मुद्दा बरा निघाला. स्पॅम एकदा वाटला गेला की सदस्य तो पुसतात आणि विसरतात. संग्रहात मात्र तो राहतो, शोधयंत्रांना सापडतो आणि आपल्या गटाच्या नावाखाली जुगाराचे दुवे दिसत राहतात. शिवाय संग्रहात सर्वांचे पत्ते उघडे असतील तर पुढचा स्पॅम तेथूनच पत्ते वेचतो. तेव्हा खुलेपणाची किंमत सदस्यांनाही मोजावी लागते. माझे मत अजून बदललेले नाही.

मार्कंडेयतीर · बुधवार, सकाळी ८.३०

आणखी एक किंमत कोणी सांगितली नाही. आपलेच सदस्य. गटाच्या पत्रांचा कंटाळा आला की ते सदस्यत्व रद्द करण्याऐवजी आपल्या मेलबॉक्समधील "स्पॅम" हे बटण दाबतात. मेल देणारी कंपनी ते गटाच्या नावावर मांडते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५,००० पत्रे त्यांच्याकडे पाठवणाऱ्यांसाठी कडक अटी लावल्या आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवायला सांगितले. पाच हजार म्हणजे फार मोठ्या कंपन्यांचे काम असे वाटेल, पण सहाशे सदस्य आणि संमेलनांच्या दिवसांत रोज नऊ पत्रे हा हिशेब करा, ५,४०० होतात. बहुतेक सदस्य जीमेलवरच असले तर आपण त्या उंबरठ्यापाशी उभे आहोत.

गट विषयाच्या आधी आपले नाव जोडतो आणि पत्राखाली दोन ओळी घालतो, त्यामुळे मूळ पत्राची डिजिटल सहीही मोडते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने "सही जुळली नाही तर पत्र नाकारा" असे धोरण जाहीर केले, तेव्हा जगभरच्या गटांवरील याहूच्या सदस्यांची पत्रे एका आठवड्यात उलटू लागली होती. तेव्हापासून बरेच गट प्रेषकाच्या जागी स्वतःचा पत्ता घालतात. येळ्ळूरवेस, आपण ते केले आहे का?

येळ्ळूरवेस (धागाकर्ता) · शुक्रवार, रात्री १०.१५

सर्वांचे वाचून, दोन रात्री सर्व्हरवर घालवून जे केले ते कळवतो.

गट खुलाच ठेवला आहे. हलशीवाट, आपला आक्षेप योग्य आहे, म्हणून संग्रहातील पत्ते झाकले आणि २०१२ पासूनचा स्पॅम वेचायला घेतला आहे; गोकाकचीसून यांनी कन्नड पत्रे तपासून देण्याचे मान्य केले आहे. पाच गुणांना नष्ट करण्याची योजना रद्द केली. आता पाचच्या वरचे पत्र रांगेत थांबते आणि बारा गुणांच्या वरचेच परस्पर जाते, तेही एक महिना वेगळ्या पेटीत राहून. बिगरसदस्याचे पहिले पत्र माणूस वाचतो. ओळखीचा कार्यवाह असेल तर त्याचा पत्ता स्वीकृत यादीत टाकतो. आपोआप जाणारी पोच बंद केली. डीएनएसची गोम आमच्याकडेही निघाली; कधीपासून यादी मुकी होती कोण जाणे. मार्कंडेयतीर, प्रेषकाच्या जागी गटाचा पत्ता आधीच होता, पण सदस्यत्व रद्द करण्याचा दुवा पत्राच्या तळाशी इंग्रजीत होता, तो मराठीत आणि वर आणला.

रांग पाहायला मी आणि टिळकवाडीसकाळ असे दोघे आहोत. काल पहिल्या दिवशी सतरा पत्रे थांबली होती. पंधरा टाकली, एक सोडले आणि एक अजून तसेच आहे. "येळ्ळूर गडाविषयी आपले लेखन वाचले, भेटायचे आहे" एवढेच त्यात आहे आणि खाली नाव नाही.

टिळकवाडीसकाळ · शनिवार, सकाळी ७.२०

त्यात गडाचे नाव आले आहे. मी आत्ताच सोडले.

लिपीवेडा · शनिवार, सकाळी ९.००

आणि आकाराची मर्यादा?

येळ्ळूरवेस (धागाकर्ता) · शनिवार, सकाळी ९.१०

२०० किलोबाइट केली. गुरुजींना अध्यक्षीय भाषण युनिकोडमध्ये, पत्रातच चिकटवून पाठवायला सांगितले होते. त्यांच्या नातीने टंकून दिले आणि ते आज पहाटे आले. १३१ किलोबाइट, गुण उणे ०.४. गटावर गेले आहे, वाचून घ्यावे.